पोट मऊ, वेदना असह्य: आतड्याचा रक्तपुरवठा अचानक थांबतो तेव्हा

पोट इतके दुखत आहे की रुग्ण एका कुशीवर पडून राहू शकत नाही, आणि तरीही डॉक्टरांनी हात ठेवला की पोट मऊच लागते. ही विसंगती ज्या आजारात बहुधा दिसते, त्याच्याविषयी आज सविस्तर लिहायचे आहे. आतड्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी किंवा तेथून रक्त परत नेणारी शीर अचानक बंद पडते आणि काही तासांत आतडे मरू लागते. वैद्यकीय भाषेत याला ॲक्यूट मेसेंटेरिक इस्किमिया म्हणतात. तातडीने दाखल होणाऱ्या हजार रुग्णांत साधारण एखादा रुग्ण या आजाराचा असतो, त्यामुळे गावातल्या डॉक्टरांच्या नजरेसमोर तो वर्षानुवर्षे येत नाही. निदानाला उशीर झाला तर आजही निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात. जिल्ह्याच्या ठिकाणी जनरल सर्जन म्हणून काम करताना माझे मत असे झाले आहे की या आजारात शस्त्रक्रिया अवघड असतेच, पण खरी लढाई त्याआधीच्या काही तासांत, निदान सुचण्याच्या टप्प्यावर, जिंकली किंवा हरली जाते.

पोट मऊ का राहते, हे समजले तर बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते. महाधमनीतून स्वादुपिंडाच्या मागे, कमरेच्या पहिल्या मणक्याच्या पातळीवर, सुपीरियर मेसेंटेरिक धमनी निघते. ग्रहणीचा (जठरानंतरच्या आतड्याच्या पहिल्या भागाचा) उत्तरार्ध, संपूर्ण लहान आतडे आणि मोठ्या आतड्याचा उजवीकडचा बराचसा भाग या एकाच धमनीवर पोसला जातो. विश्रांतीच्या अवस्थेतही हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा पचनसंस्थेकडे जातो आणि जेवणानंतर हे प्रमाण आणखी वाढते. हा प्रवाह थांबला की सर्वांत आधी आतड्याचे आतले अस्तर गुदमरते, आणि त्या गुदमरण्याची वेदना आतड्याच्या स्वतःच्या मज्जातंतूंमधून मेंदूपर्यंत पोहोचते. पोटाची भिंत मात्र तेव्हाच कडक होते, जेव्हा तिच्या आतल्या बाजूचा पडदा सुजतो, आणि तो सुजतो आतड्याची पूर्ण जाडी मेल्यानंतर. म्हणजे पोट मऊ आहे तोपर्यंतच आतडे वाचवता येण्याची शक्यता अधिक असते. एरवी सर्जनला दिलासा देणारे मऊ पोट या एका आजारात घाई करा असे सांगत असते, आणि शिकाऊ डॉक्टरांना मी ही गोष्ट पुनःपुन्हा सांगतो.

यात आणखी एक फसवा टप्पा आहे. काही तासांनंतर आतड्यातील मज्जातंतूही निकामी होऊ लागतात आणि वेदना थोडी ओसरते. नातेवाइकांना वाटते, इंजेक्शन लागू पडले. डॉक्टरांनाही हायसे वाटते. त्यानंतर पोट फुगते, ताप चढतो, रक्तदाब उतरतो आणि पोट लाकडासारखे कडक होते. त्या वेळी निदान करायला कोणतीही विशेष हुशारी लागत नाही, पण तोवर वाचवण्यासारखे फार थोडे उरलेले असते.

धमनी बंद होण्याची कारणे वेगवेगळी आहेत. साधारण निम्म्या रुग्णांमध्ये हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी वाहत येऊन अडकते. ही धमनी महाधमनीतून तिरकी खाली उतरत असल्याने गुठळी तिच्यात सहज शिरते. काहींच्या धमनीत आधीपासून चरबीचे थर साठलेले असतात आणि शेवटची फट एके दिवशी बुजते. अशा माणसाला विचारले तर तो सांगतो की कित्येक महिने जेवण झाले की पोट दुखायचे, म्हणून त्याने जेवणच कमी केले आणि वजन घटत गेले. अतिदक्षता विभागातील काही गंभीर रुग्णांमध्ये धमनी उघडी असूनही ती आवळल्यामुळे रक्त पोहोचत नाही. आणि काहींमध्ये धमनी ठीक असते, पण शिरेत रक्त गोठते. त्यांच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहितो, कारण तो रुग्ण वेगळा असतो आणि त्याचे उपचारही वेगळे असतात.

ऊस पिकवणाऱ्या एका कुटुंबातील, साठी ओलांडलेल्या एका बाईंचे उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. रात्री जेवण करून झोपल्यावर त्यांच्या पोटात अचानक कळ आली, दोन उलट्या झाल्या, मग पातळ जुलाब झाले. गावात त्यांना पित्ताचे इंजेक्शन आणि सलाईन देण्यात आले. उलटी, जुलाब आणि पोटदुखी एकत्र असली की पोट बिघडले असे समजणे स्वाभाविक आहे, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण आतड्याचा रक्तपुरवठा अचानक तुटल्यावर आतडे सुरुवातीला जोराने आकुंचन पावून स्वतःला रिकामे करते, त्यामुळे जुलाब हे या आजाराचेही लक्षण आहे. सकाळी त्या आमच्याकडे आल्या तेव्हा खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या, क्षणात डाव्या कुशीवर, क्षणात उजव्या. "साहेब, आत कुणीतरी पिळून काढतंय बघा," एवढेच त्या म्हणत होत्या. पोटावर हात ठेवला तर ते मऊ होते, खोल दाबले तरी त्या विशेष दचकल्या नाहीत. दुसऱ्या हाताने नाडी धरली. ती वेगाने चालली होती आणि दोन ठोक्यांमधले अंतर एकदाही सारखे येत नव्हते. कधी दोन ठोके लागोपाठ, कधी मध्येच रिकामी जागा, आणि त्या अनियमिततेलाही कसला क्रम नाही. मुलाला विचारले, "आजींना हृदयाचा काही त्रास आहे का?" तो म्हणाला, "पूर्वी धाप लागायची. झडप आकसली आहे म्हणून सांगितलं होतं. गोळ्या चालू होत्या, पण बरं वाटायला लागल्यावर बंद केल्या." ईसीजीमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची ताल सोडून होणारी थरथर, स्पष्ट दिसत होते.

अचानक सुरू झालेली तीव्र वेदना, उलटी-जुलाब आणि गुठळी तयार होऊ शकेल असे हृदय, या तीन गोष्टी एकत्र आल्या की या आजाराची शंका घेतलीच पाहिजे. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, मनगटावरची तीन बोटे आणि दोन-चार नेमके प्रश्न पुरतात. लहानपणीच्या सांधेतापातून खराब झालेल्या झडपा आपल्याकडे अजूनही पुष्कळ आढळतात, त्यामुळे हा प्रश्न केवळ वृद्धांनाच विचारून चालत नाही. तिशी-चाळिशीतल्या बाईलाही तो विचारावा लागतो.

नेहमीच्या तपासण्या येथे बरीच दिशाभूल करतात. सोनोग्राफीचा अहवाल बहुधा आतड्यांत वायू असल्याने नीट दिसत नाही, इतर दोष नाही, असा येतो. उभ्या स्थितीतल्या एक्स-रेमध्ये आतडे फुटल्याची खूण नसते, आणि सुरुवातीला तर तो पूर्णपणे सामान्यही असू शकतो. पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात, पण त्या शेकडो आजारांत वाढतात. अमायलेज हे स्वादुपिंडातील पाचक द्रव्य रक्तात थोडे वाढलेले आढळले की स्वादुपिंडाच्या सुजेचा शिक्का बसतो आणि पुढचे कित्येक तास त्या दिशेने उपचार चालू राहतात. लॅक्टेट, म्हणजे पेशींना प्राणवायू कमी पडला की रक्तात साठणारे द्रव्य, वाढलेले असेल तर शंका बळावते, पण ते सामान्य आले म्हणून शंका सोडून देता येत नाही, कारण सुरुवातीच्या तासांत यकृत ते रक्तातून काढून टाकत असते.

निदान पक्के होते ते सीटी अँजिओग्राफीने, म्हणजे शिरेतून औषध सोडून रक्तवाहिन्या उजळवणाऱ्या सीटीने, आणि तीही विचारपूर्वक मागवावी लागते. औषध न सोडता केलेला साधा सीटी या आजारात जवळजवळ निरुपयोगी आहे. धमनी भरल्यानंतरची आणि शिरा भरल्यानंतरची अशी दोन्ही टप्प्यांतील चित्रे लागतात. तोंडाने औषध पाजण्यात वेळ घालवायचा नसतो आणि रेडिओलॉजिस्टना मनातली शंका आधीच स्पष्ट शब्दांत सांगावी लागते. मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनचा अहवाल येईपर्यंत किंवा तो वाढलेला आला म्हणून सीटी थांबवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्यामागची मूत्रपिंडाची काळजी मी समजू शकतो, पण येथे ती काळजी चुकीच्या जागी आहे, असे मी ठामपणे म्हणतो. मूत्रपिंडाला इजा झालीच तर ती बहुतेक वेळा भरून निघते आणि गरज पडल्यास डायलिसिस करता येते. मेलेले लहान आतडे परत येत नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही या आजाराची शंका असताना सीटी अँजिओग्राफीला विलंब करू नये असेच सांगतात.

त्या बाईंच्या सीटीत धमनी उगमापाशी पांढरीशुभ्र भरलेली होती आणि काही सेंटिमीटर पुढे जाऊन एकदम थांबली होती. जिथे थांबली तेथील कड गोलाकार होती, आणि ती बाहेरून येऊन अडकलेल्या गुठळीची खूण असते. अशी गुठळी सहसा मोठ्या आतड्याकडे जाणारी मधली शाखा निघून गेल्यानंतर अडकते. त्यामुळे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या काही वेटोळ्यांचा रक्तपुरवठा टिकून राहतो, आणि पुढे रुग्णाचे पोषण ज्यावर अवलंबून राहू शकते ते आतडे हेच असते.

सीटीच्या टेबलावरून उतरताच हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे इंजेक्शन, शिरेतून भरपूर द्रव आणि प्रतिजैविके सुरू करून आम्ही त्यांना थिएटरमध्ये घेतले. पोट उघडल्यावर मोठे आतडे वर उचलून आंत्रबंधाच्या (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) मुळाशी बोटांनी धमनी शोधायची असते. जिथवर ती बोटाखाली उडते तिथवर रक्त येते आहे, आणि जिथे उडणे थांबते त्याच्या आसपास गुठळी असते. धमनीला आडवा छेद देऊन, टोकाला इवलासा फुगा असलेली बारीक नळी आत सरकवायची, फुगा फुगवायचा आणि हळूहळू मागे ओढायचा. थॉमस फोगार्टी या अमेरिकन शल्यचिकित्सकाने ही नळी विद्यार्थिदशेत कल्पून 1963 मध्ये वैद्यकीय जगासमोर मांडली, आणि आजही तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. फुग्याबरोबर बोटाच्या पेराएवढी काळपट लाल गुठळी बाहेर आली आणि तिच्या मागोमाग रक्ताची जोरदार चिळकांडी उडाली. त्या क्षणी थिएटरमधल्या प्रत्येकाला काय वाटते, ते शब्दांत सांगणे मला जमणार नाही.

त्यानंतरचे काम वाट पाहण्याचे असते आणि सर्जनच्या स्वभावाला ते जड जाते. कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या कापडांत आतडे गुंडाळून किमान पंधरा-वीस मिनिटे थांबायचे. मग एकेक वेटोळे पाहायचे: निळसर करडा रंग गुलाबी होतो का, पृष्ठभागावरची चमक परत येते का, बोटाने टिचकी मारल्यावर आतडे हळूच आकुंचन पावते का, कडेच्या बारीक धमन्या उडतात का. काळे-हिरवे पडलेले, ओलसर कागदासारखे लुळे आणि विशिष्ट दुर्गंधी येणारे आतडे काढावेच लागते. मधल्या, संशयास्पद भागाबाबत मात्र मोह आवरावा लागतो. तो काढून टाकणे सुरक्षित वाटते, पण काढलेले प्रत्येक हातभर आतडे रुग्णाच्या पुढच्या आयुष्यातील पोषणातून वजा होते.

म्हणूनच पहिल्या शस्त्रक्रियेत आम्ही बहुधा आतडे जोडत नाही. निर्विवाद मेलेला भाग काढून टोके बंद करतो आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत पोट पुन्हा उघडून पाहायचे असे तेव्हाच ठरवून टाकतो. हा निर्णय रुग्णाची तब्येत सुधारताना दिसली तरी बदलायचा नसतो, कारण आतड्याचा एखादा भाग आत मरत असूनही माणूस वरून बरा दिसू शकतो. नातेवाइकांना हे समजावणे सोपे नसते. "पुन्हा पोट उघडायचं म्हणजे पहिलं ऑपरेशन फसलं का?" हा प्रश्न त्या बाईंच्या मुलानेही विचारला, आणि त्यात राग कमी व भीती अधिक होती. दुसरे ऑपरेशन हा पहिल्याचाच ठरलेला उत्तरार्ध आहे, हे पहिल्या संमतिपत्रावर सही घेतानाच सांगितले तर निम्मी भीती तेथेच कमी होते. दुसऱ्या वेळी त्यांचा संशयास्पद वाटलेला बराच भाग गुलाबी झाला होता. एकूण पाऊण मीटरच्या आसपास आतडे गेले, उरलेले जोडता आले आणि त्या चालत घरी गेल्या.

सगळ्यांच्या नशिबी असे घडत नाही. कधी पोट उघडल्यावर पहिल्या वेटोळ्यापासून मोठ्या आतड्याच्या मध्यापर्यंत सारे काळे दिसते. सर्व आतडे काढता येते, पण त्यानंतर माणसाला आयुष्यभर शिरेतून पोषण द्यावे लागते. लहान आतडे दोनशे सेंटिमीटरपेक्षा कमी उरले की पोषणाच्या अडचणी सुरू होतात. मोठे आतडे शाबूत नसेल आणि लहान आतडे शंभर सेंटिमीटरहून कमी उरले असेल, तर शिरेतील पोषणावाचून निभावणे फार कठीण होते. आतड्याचे प्रत्यारोपण देशात मोजक्याच केंद्रांत होते आणि त्याची वाट खडतर आहे. ऐंशी वर्षांच्या, आधीच हृदय आणि मूत्रपिंड खालावलेल्या माणसाचे पोट काहीही न काढता बंद करणे आणि त्याच्या वेदना नीट शमवणे हाही उपचारच आहे, असे मी मानतो. मात्र हा निर्णय एकट्या सर्जनने टेबलावर घेण्याचा नाही. थिएटरमध्ये जाण्यापूर्वीच घरच्यांशी या शक्यतेविषयी बोलावे, शक्य असेल तर रुग्णाशीही. वय तरुण असेल तर हिशेब पूर्ण बदलतो आणि शेवटच्या वीतभर आतड्यासाठीही झगडावे लागते.

शिरेत रक्त गोठण्याचा प्रकार वेगळ्या चालीने येतो. रुग्ण बहुधा तिशी ते पन्नाशीतला असतो. दुखणे अचानक न येता चार-आठ दिवस हळूहळू वाढते, पोट जड वाटते, भूक जाते, आणि तीन-चार दवाखाने होऊन मग तो सर्जनकडे पोहोचतो. 2021 मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर असे रुग्ण राज्यात ठिकठिकाणी दिसले, तेव्हा कुठे या आजाराचे नाव सर्वसाधारण डॉक्टरांच्या चर्चेत आले. यकृताचा जुना आजार, दारू, स्वादुपिंडाची सूज, रक्त लवकर गोठण्याची आनुवंशिक प्रवृत्ती, अस्थिमज्जेचे काही विकार ही त्याची कारणे आहेत. स्त्रियांना एक प्रश्न मी आवर्जून विचारतो: सणासाठी, पूजेसाठी किंवा घरातल्या लग्नासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या का? या गोळ्या आपल्याकडे मैत्रिणीच्या किंवा जावेच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून थेट आणल्या जातात, आणि ज्यांची प्रवृत्ती आधीच तशी असते त्यांच्यात शिरेत गुठळी होण्याचा धोका त्यांनी वाढू शकतो. स्त्रिया हे आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसते.

आतडे मेलेले नसेल तर शिरेच्या प्रकारात बहुतेकांचे पोट उघडावे लागत नाही. हेपॅरिन वेळेवर सुरू केले, तोंडाने खाणे थांबवले आणि दर काही तासांनी पोट तपासत राहिले, तर पर्यायी शिरा हळूहळू भार उचलतात. येथे सर्जनचे कौशल्य ऑपरेशन न करण्यात आणि तरीही सतत तयार राहण्यात असते. पुढे किमान तीन ते सहा महिने, आणि कारण कायमचे असेल तर आयुष्यभर, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात. रक्त गोठण्याला आवर घालणाऱ्या प्रोटीन सी आणि प्रोटीन एस यांच्या तपासण्या घाईने पहिल्याच दिवशी पाठवण्याचा आग्रह असतो. गुठळी ताजी असताना ही प्रथिने तशीही कमी आढळतात आणि वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी आणखी घटतात. त्यामुळे तेव्हाच्या अहवालावरून कोणाला जन्मभराचे लेबल लावू नये, आणि तपासणी कधी करायची हे रक्तविकारतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

वेदना आणि तपासणी यांचा मेळ न बसणे हा धागा इतर दुर्मीळ आजारांतही सापडतो. किडकिडीत, वृद्ध बाईला उलट्या होतात, पोट फुगते आणि त्याच वेळी मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत कळ जाते, तेव्हा सगळे गुडघ्याची झीज समजून मलम देतात. प्रत्यक्षात कटीच्या हाडातील एका छिद्रात आतडे अडकलेले असते. ऑब्ट्युरेटर हर्नियाचा हा फुगवटा बाहेरून दिसत नाही आणि त्या छिद्रातून जाणाऱ्या मज्जातंतूवर दाब आल्यामुळे दुखणे मांडीत उतरते. येथेही सीटी काही मिनिटांत उत्तर देतो, पण तो काढायचे कोणाला तरी सुचावे लागते.

आतड्याच्या धमनीतील गुठळीतून वाचलेल्यांची पुढची काळजी पोटाइतकीच हृदयाशी निगडित आहे. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल तर बी12 जीवनसत्त्वाची इंजेक्शने कायम घ्यावी लागतात, आणि सुरुवातीचे काही महिने जुलाब, मीठ-पाण्याचे संतुलन व वजन यांवर बारीक लक्ष ठेवावे लागते. त्याहून महत्त्वाच्या आहेत त्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या. धातूची झडप बसवलेल्यांना किंवा झडप आकसलेल्यांना नवीन प्रकारच्या, तपासणी न लागणाऱ्या गोळ्या बहुधा चालत नाहीत, त्यांना वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमच घ्यावी लागते आणि रक्त किती पातळ आहे हे सांगणारी पीटी-आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. ती आता तालुक्याच्या गावांतही होते. दात काढायचा आहे, मोतीबिंदू काढायचा आहे, एकादशीचा उपवास आहे किंवा नुसते बरे वाटते आहे, म्हणून ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. ज्यांनी ती सुरू केली त्या डॉक्टरांना विचारावे, आणि हृदयाची फाइल घरात अशा जागी ठेवावी की रात्री दोन वाजता शेजाऱ्यालाही ती सापडेल. त्या बाईंच्या मुलाने आता आईच्या आयएनआरच्या तारखा दुधाच्या हिशेबाच्या वहीतच लिहायला सुरुवात केली आहे, आणि दर महिन्याला तो आकडा मला फोनवर कळवतो.